शिवणकामाचा ब्लॉग काढला, पण वाचायला घरचेच. बाहेरचे वाचक कसे येतील?

शिवणवाली, सक्करदरा

नमस्कार मंडळी. मी नागपूरला सक्करदऱ्यात राहते आणि घरीच शिवणकाम करते. समोरच्या खोलीत दोन मशिनी, एक पिको-फॉलची, आणि भिंतीला लागून कापायचा टेबल, एवढंच माझं दुकान. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, लग्नसराईत शिवलेली नऊवारी. दुपारी शेजारपाजारच्या मुली शिकायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते ते कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं. शेवटी मुलीने ब्लॉगरवर ब्लॉग काढून दिला. मी मोबाइलवर बोलून लिहिते, ऱ्हस्व-दीर्घ ती पाहते.

लिहायला मजा येते. अडचण अशी की वाचणाऱ्या म्हणजे माझी नणंद, अमरावतीची मावसबहीण आणि मुलीच्या मैत्रिणी. त्यातली नणंद न वाचताच 'खूपच छान' म्हणते. हे मला पक्कं माहीत आहे, कारण गणवेशाच्या लेखाखाली तिने 'रविवारी करून पाहते, फोटो टाकते' असं लिहिलंय. तिच्याकडे मशीनच नाही.

स्टेटसला लिंक ठेवते, लोक स्टेटस पाहतात, लिंक कोणी उघडत नाही. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या ग्रुपवर टाकली तर ॲडमिनने 'कृपया जाहिरात नको' म्हटलं. जाहिरात कसली त्यात? मध्येच एखाद्या दिवशी आकडा एकदम वर जातो आणि वाचक परदेशातले दिसतात. मुलगी खूश होते. मला काही ते खरं वाटत नाही. परदेशात कोण मराठीतून कटोरी ब्लाउज शिकणार?

लेखांची नावं सांगते म्हणजे अंदाज येईल: 'उसवलेलं आणि शिवलेलं', 'कापड बोलतं तेव्हा', 'माया', 'गणवेशाचे दिवस'. 'माया' म्हणजे शिलाईसाठी कडेला जास्तीचं कापड सोडतो ती. शिवणाऱ्यांना कळेल.

पैसे कमवायचे म्हणून नाही विचारत. जिला खरंच शिवता येत नाही आणि शिकायचं आहे अशी अनोळखी बाई माझ्या लेखापर्यंत कशी पोचेल, तेवढं सांगा. आणि कृपा करून 'यूट्यूब चॅनल काढा' सांगू नका. मशीनवर बसले की माझ्या तोंडात टाचण्या असतात, बोलू कशी?

बर्डीचा पोट्टा

काकू, तुम्ही नाही म्हटलं तरी मी म्हणूनच राहिलो. यूट्यूब! आजकाल वाचते कोण? माही आई दिवसभर ब्लाउजचेच व्हिडिओ पायते. एका हातात कैची अन् दुसऱ्या हातानं मोबाइल मागं-पुढं. ते बाई 'इथून पावणेतीन घ्या' म्हणते अन् इकडं आई 'कुठून बे, कुठून?' करून ओरडते. मंग मले बलावते, 'थांबव रे तिले'. तरी पायते.

टाचण्या काढून ठेवा काकू तोंडातून. गिळसाल एखाद्या दिवशी.

कूलरवाला, कॉटन मार्केट

पोट्ट्याने विरोधात बोलता बोलता ताईंचीच बाजू मांडली. व्हिडिओ पाहणारीला माप थांबवून वाचता येत नाही, हीच तुमची जागा. जिच्या हातात कैची आहे तिला कागदावर लिहिल्यासारखं, एका जागी स्थिर असलेलं माप पाहिजे. ते व्हिडिओपेक्षा लेखात सोपं जातं.

मी शिवणकामातलं काही जाणत नाही. पत्र्याचे कूलर बनवणं अन् दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकान आता मुलगा पाहतो, मी ब्लॉग लिहितो. फक्त कूलरवर. हसा खुशाल, पण दर उन्हाळ्यात माझ्या ब्लॉगवर अकोला, चंद्रपूर, जळगावची माणसं येतात. ओळखीचं त्यात कोणी नसतं.

सगळ्यात जास्त वाचला जाणारा माझा लेख आहे 'कूलरच्या पत्र्याला करंट लागतो, काय करावं'. दुसरा 'कूलर चालू आहे पण खोली दमट होते'. त्यात काय लिहिलंय? पहिल्यात हे, की नुसतं बटण बंद करून भागत नाही, आधी प्लग काढा, मग अर्थिंग तपासून घ्या, अन् चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतू नका. दुसऱ्यात हे, की समोरची खिडकी उघडा, आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. आमच्या दुकानात पोऱ्यालाही माहीत असतं हे. पण रात्री अकरा वाजता ज्याच्या हाताला झटका बसला त्याला माहीत नसतं, अन् त्या वेळी तो मोबाइलमध्ये नेमकं हेच वाक्य टाकतो.

माझा स्वतःचा आवडता लेख वेगळाच आहे. वडील खसाच्या टाट्या बांधायचे त्याबद्दलचा. त्यावर थेट कोणी येत नाही. येतो तो करंटच्या लेखावरून, खाली दिलेल्या लिंकवरून. करंटचा लेख म्हणजे दुकानाचं शटर, टाट्यांचा लेख आत बसायचा बाकडा. शटरच उघडलं नाही तर बाकड्यावर बसणार कोण?

तुमचे चारही लेख मी काल रात्री वाचले. बायकोलाही वाचायला लावले, तिला शिवता येतं. 'माया'चं शीर्षक तिला फार आवडलं. पण मी तिला विचारलं, ब्लाउज बिघडला तर तू गूगलला काय विचारशील? ती म्हणाली, 'काखेत चुणी पडते'. बस. हे तुमचं शीर्षक आहे. तुमच्याकडे ट्रायलला आलेली बाई आरशासमोर उभं राहून जे वाक्य बोलते, जसंच्या तसं. 'हात वर केला की ब्लाउज वर चढतो.' 'धुतल्यावर अस्तर आटलं.' 'गळा खांद्यावरून उतरतो.' दुकानात फोनपाशी एक वही ठेवली होती मी. गिऱ्हाईक फोनवर काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत नाही. गिऱ्हाईक 'सबमर्सिबल पंप निकामी झाला' असं कधीच म्हणत नाही. ते म्हणते, 'पाणी वर चढून नाही राहिलं'. माझे निम्मे लेख त्या वहीतून निघाले. तुमच्या कापायच्या टेबलावर एक वही ठेवा. महिनाभरात विषय पुरून उरतील.

दुसरं. तुमचा गणवेशाचा लेख. सुरुवातीला तुमची शाळा, निळी रिबन, बाईंचा मार, छान आहे सगळं. पण सगळ्यात कामाची ओळ पार खाली, सहाव्या परिच्छेदात लपून बसली आहे: पोरगं वर्षभरात वाढणार म्हणून पँटच्या पायाला दोन इंच माया आत मुडपून ठेवायची अन् ती मोठ्या टाक्याने शिवायची, म्हणजे दिवाळीनंतर उसवून लांबी वाढवता येते. अरे बाप्पा! ज्या आईला हे पाहिजे ती रिबनपर्यंतच थांबेल. ही ओळ वर आणा. शाळेची आठवण खाली राहू द्या, जिला तुम्ही आवडल्या ती वाचेलच.

तिसरं, हंगाम. इकडे लोकांचे कूलर होळीच्या आसपास माळ्यावरून खाली येतात. माझा लेख जानेवारीतच लिहून तयार असतो. नवीन लेख गूगलला सापडून वर यायला वेळ लागतो, नव्या ब्लॉगचा तर फारच लागतो. एप्रिलच्या उन्हात लिहायला बसलो तर तो लेख पावसाळ्यात वर येईल, अन् पावसाळ्यात कूलरला कोण विचारते? तुमचंही तसंच. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडते, आपल्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी. म्हणजे गणवेशाचा लेख एप्रिलच्या सुरुवातीला पाहिजे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, तर नऊवारीचा लेख नवरात्राच्याही आधी.

अन् ज्याच्यासाठी एवढं लिहून राहिलो ते आता सांगतो. नऊवारी, कटोरी, प्रिन्सेस कट, यांच्यावर हजार लोकांनी लिहिलं आहे. त्या गर्दीत नवीन माणसाला कोणी पाहत नाही. तुम्ही ते लिहा जे फक्त नागपूरच्या शिंपिणीलाच माहीत असेल. आपल्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्यांच्या धडाला साडी नेसवता नेसवता सुनांची कंबर मोडते. शिवून तयार साडी कशी करायची, लिहा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवून नेतात, त्याची झूल शिवायची कशी? मी मराठीत शोधून पाहिलं, कामाचं काही मिळालं नाही. करवती काठाच्या टसर साडीतून उरलेल्या कापडाचा ब्लाउज शिवताना काय होते, हे पुण्याची बाई कशाला सांगेल? वाचणारे थोडे असतील, पण जे शोधतील त्यांना तुमच्याशिवाय पर्याय नसेल. नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

ग्रुपचं म्हणाल तर ॲडमिनचं चूक नाही. नुसती लिंक आली की लोकांना जाहिरातच वाटते. ग्रुपवर कोणी विचारलं की तिथंच पूर्ण उत्तर लिहायचं, काही राखून ठेवायचं नाही. शेवटी एक ओळ, 'मापांचे फोटो इथे आहेत'. ज्याला फोटो पाहायचे तो येतो. जो येत नाही त्याचंही काम झालेलं असते, अन् पुढच्या वेळी तो तुमचं नाव सांगतो.

अन् मोबाइलबाहेरही गाव आहे. तुम्ही दोरे, हुक, अस्तर कुठून आणता? गांधीबागेतून किंवा इतवारीतून आणत असाल. त्या मटेरियलच्या दुकानात अख्ख्या नागपूरच्या शिवणाऱ्या बायका उभ्या असतात, अन् दुकानदार अस्तर फाडून देईपर्यंत त्यांना काही काम नसते. काउंटरच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवायला सांगा: 'अस्तर आटू नये म्हणून काय करावं' अन् खाली क्यूआर कोड. तयार कपडा ज्या पिशवीत देता त्यात मापाच्या चिठ्ठीमागेही तेच. मी पंपाच्या खोक्यावर चिकटवतो.

मिहान नाइट शिफ्ट

काका, चिठ्ठीची आयडिया मी उचलते आहे.

ताई, मी फक्त यंत्राच्या बाजूचं सांगते. तुमच्या ब्लॉगवर जाऊन पाहिलं. लेखाचं नाव देवनागरीत असलं की ब्लॉगर लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, स्वतः बनवतो, आणि त्यात नाव येतच नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा. तुमच्या सगळ्या लेखांचे पत्ते तसेच आहेत. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक म्हणून पर्याय दिसेल. तिथे रोमन अक्षरांत छोटा पत्ता स्वतः लिहा, 'ब्लाउज काख चुणी' एवढंही पुरे. यामुळे गूगल लगेच डोक्यावर घेणार नाही, पण व्हॉट्सॲपवर ती लिंक पाहणाऱ्याला कशाबद्दल आहे ते कळतं. एकदा प्रकाशित झाल्यावर पत्ता असा बदलता येत नाही, म्हणून जुन्यांना हात लावू नका, नव्यांपासून सुरू करा.

परदेशी वाचकांबद्दल तुमची शंका बरोबर आहे. ते बहुतेक बॉट असतात, म्हणजे माणसं नाहीत, आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम. ब्लॉगरचा आकडा त्यांनाही मोजतो, आणि सेटिंग बदललं नाही तर तुमचं स्वतःचं पाहणंही मोजतो. त्यापेक्षा गूगल सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे, आणि ज्या जीमेलवर ब्लॉग आहे त्याच जीमेलने गेलात तर ब्लॉग तुमचाच आहे हे सिद्ध करायची कटकट फारशी होत नाही. तिथे साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या सगळ्या पानांची यादी, द्यायचा, मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम. मग काही आठवड्यांनी तिथे दिसायला लागेल की लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचा लेख यादीत आला, आणि त्यातल्या किती जणांनी तो उघडला. काकांची वही ती हीच, फक्त गूगलने लिहिलेली. एखाद्या प्रश्नासाठी लेख यादीत दिसतोय पण कोणी उघडत नाहीये, तर शीर्षक बदला. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लेखात दिलंच नाही त्यासाठी तुमचा लेख दिसतोय, तर तो तुमचा पुढचा विषय.

फोटो फार जड आहेत. मोबाइलमधून काढलेला फोटो तसाच चढवू नका, लहान करून चढवा. सक्करदऱ्यात फोर-जी नीट चालत असेल, पण भिवापूरकडच्या बाईला ते पान उघडेपर्यंत ती चहा ठेवायला जाईल. आणि मापांचा तक्ता तुम्ही वहीच्या पानाचा फोटो काढून टाकलाय. गूगलला ते आकडे नीट वाचता येतीलच असं नाही, आणि माणसाला बोटांनी मोठं करून पाहावं लागतं. टाइप करा. एक चांगलं केलंय: कापडावर मार्किंगच्या चॉकने ब्लॉगचं नाव लिहून मग फोटो काढलाय. असेच काढत जा. लोक फोटो उचलून फॉरवर्ड करतात, नाव सोबत जातं.

बोलून टाइप केल्यामुळे पूर्णविराम गायब होतात, एवढं मुलीला पाहायला सांगा. 'ब्लाउज' आणि 'ब्लाऊज' लोक दोन्ही लिहितात, लेखात एकदा-एकदा दोन्ही आलं तर बिघडत नाही. पण तेच वाक्य दहा वेळा कोंबू नका. वाचणारीला ते लगेच खटकतं.

'पैसे द्या, वाचक वाढवून देतो' असे मेसेज येतील. डिलीट करा. विकत मिळणारे वाचक तुमच्या त्या परदेशी पाहुण्यांसारखेच.

जुना वाचक, धरमपेठ

वरचं सगळं उपयोगाचं आहे, तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय. शोधातून आलेला माणूस उत्तर घेतो आणि निघून जातो. काखेची चुणी गेली की बाईही गेली. शिवाय आता गूगल बऱ्याच प्रश्नांना स्वतःच वरच्या वर उत्तर देऊन टाकतं, खाली उतरून लिंक उघडायची गरजच उरत नाही. नुसत्या शोधावर अवलंबून राहायचे दिवस राहिले नाहीत.

मी मराठी ब्लॉग पहिल्यापासून वाचत आलोय. तेव्हा आम्ही गूगल रीडरमध्ये पंधरा-वीस ब्लॉग जोडून ठेवायचो, नवा लेख आला की आपोआप समोर. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं आणि कित्येक ब्लॉगांचे रोजचे वाचक एका दिवसात पांगले. ब्लॉगरवर ईमेलने लेख पाठवायची सोय होती, तीही जुलै २०२१ पासून गेली. म्हणजे वाचकाला परत यायची वाट लेखकानेच बांधून द्यायला हवी. ताई, तुमच्याकडे ती तयार आहे. गिऱ्हाईक बायकांच्या फोनमध्ये तुमचा नंबर असणारच. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करा. ती फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, हीच तिची खुबी: अनोळखी माणसाला त्रास होत नाही. महिन्यातून दोन लेखांपेक्षा जास्त पाठवू नका, आणि आधी विचारून घ्या.

दुसरं म्हणजे इतरांकडे जा. मराठीत मायबोलीसारखी संकेतस्थळं १९९६ पासून चालू आहेत, तिथे विणकाम-भरतकाम-शिवणाच्या चर्चा निघतात. तिथे आपलं सांगायला नको, दुसरीचं वाचा, तिला नेमकं काही सांगा. 'छान' नाही, तुमच्या नणंदेसारखं. भरतकामावर लिहिणारी एखादी सापडली तर तिच्या लेखाची लिंक तुमच्या लेखात द्या आणि तिला तसं कळवा. बहुतेक जणी उलट वाचायला येतात. माझ्या पाहण्यात छोटे ब्लॉग असेच एकमेकांच्या आधाराने वाढलेत.

आणि 'उसवलेलं आणि शिवलेलं' हे नाव कृपया बदलू नका. शिकायला आलेल्या मुलीने उलटी बाही जोडली आणि तुम्ही तिला ती स्वतः उसवायला लावली, तो प्रसंग वाचून मी ब्लॉगची खूणगाठ मारून ठेवली. मला शिवता येत नाही, शिकायचंही नाही. तरी मी तुमचा वाचक आहे.

कूलरवाला, कॉटन मार्केट

धरमपेठवाल्यांचं मान्य. मीही टाट्यांच्या लेखाचं नाव बदललं नाही. मी शटरबद्दल बोलून राहिलो होतो.

पण उत्तर घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, हे मला पटत नाही. करंटवाला पुढच्या मार्चमध्ये पॅड बदलायला येतो. शिवणारी बाईही एक ब्लाउज शिवून थांबत नसते. लेखाच्या शेवटी 'यानंतर काय अडतं' ते लिहून पुढच्या लेखाची लिंक द्या, ती तिथंच राहते.

शिवणवाली, सक्करदरा

बाप रे, एवढं सगळं! मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. पर्मालिंकचं तिला माहीत नव्हतं, आता ती सर्च कन्सोल घेऊन बसली आहे.

काका, शीर्षकं बदलते, पण नुसता उपाय वर देऊन थांबायला माझं मन घेत नाही. मुलींना शिकवताना मी आधी बिघडलेला ब्लाउज अंगावर घालून दाखवते. चुणी काखेत कुठून निघते, कुठे जाते, हे डोळ्याला दिसलं नाही तर नुसता उपाय पाठ होतो आणि पुढच्या कापडावर परत तेच. म्हणून असं करते: पहिल्या दोन ओळींत उत्तर, 'पुढचा मुंडा (बाही जोडायचा काखेचा गोलावा) मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल कापा'. मग बिघडलेल्या ब्लाउजचा फोटो, मग कारण. घाई असेल ती दोन ओळींवर जाईल. अस्तराचंही तसंच: कापायच्या आधी सुती अस्तर रात्रभर भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा, मग कैची लावा. गांधीबागेत ज्या दुकानातून मी अस्तर घेते ते दादा चिठ्ठी ठेवायला हो म्हणाले. मात्र वर म्हणाले, 'अस्तर आटते असं माझ्याच काउंटरवर लिहिता काय?' तर आता चिठ्ठीवर लिहिलंय, 'नवीन अस्तर घेतलंत? कापण्याआधी हे वाचा.'

जुने वाचक, 'उसवलेलं' तसंच राहील. ती मुलगी आता स्वतः ऑर्डर घेते.

सगळ्यात जास्त आवडली ती झुलीची गोष्ट. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत बायका नंदी घेऊन माझ्या दारात उभ्या असतात, आणि मला कधी सुचलंच नाही की हे लिहिता येईल. लिहायला घेतलंही. अडलंय ते मापावर. वीतभर नंदीपासून पोरगं वर बसेल एवढ्या नंदीपर्यंत सगळे येतात. एकच माप देऊन कसं चालेल?

कूलरवाला, कॉटन मार्केट

माप देऊ नका, माप घ्यायचं कसं ते द्या. कूलरची टाकीही प्रत्येकाची वेगळी असते. मी लिहितो, 'आतून लांबी मोजा, त्यातून एवढं वजा करा'. तुम्ही वशिंडापासून शेपटीपर्यंत एक अन् पाठीवरून दोन्हीकडे पोटापर्यंत एक, अशी दोन मापं घ्यायला सांगा, बाकी हिशेब त्यावरून. नमुन्याला एक खरा नंदी घ्या. माझ्या नातवाचा माळ्यावर आहे, माप काढून इथंच टाकतो. एक सांगून ठेवतो, त्याला चाकं आहेत. मागच्या वर्षी झूल चाकात गुंतली अन् मिरवणुकीत नंदी आडवा झाला.

शिवणवाली, सक्करदरा

वशिंडाला मध्ये गोल कापावं लागतं, नाहीतर झूल पुढे सरकते. बाकी तुमचीच दोन मापं. चाकं असली तर खालची कड चाकाच्या वर दोन बोटं संपवायची आणि झालर लावायची नाही, घुंगरू लावायचे. पण पोरांना जमिनीपर्यंत लोंबणारी झालरच पाहिजे असते, त्यावरून रडारड होते. बिनचाकाच्या नंदीची वेगळी आकृती देते. माप नक्की टाका, आषाढ संपायच्या आत लेख चढवायचा आहे.

मिहान नाइट शिफ्ट

चढवायच्या आधी पर्मालिंक!